गोधडीतली सायकल

घडीकाका कशाचीही घडी करत. खाटेची, स्टुलाची, देव्हाऱ्याचीसुद्धा. पाहुणे वाढले की ते बायकोचीही घडी घालून खुंटीला अडकवतात, अशी आमच्या लालबागच्या चाळीत वदंता होती. काकींचा आकार पाहता ती मला पटत नसे. पण पसरवली मात्र मी भरपूर. काका गिरणीत फिटर. लोखंड म्हणजे त्यांना घावनासारखं, दुमडलं की झालं.

गिरण्यांचा संप लांबला आणि काका रोज सकाळी गोधडीचं गाठोडं घेऊन बाहेर पडू लागले. तेव्हा संप फोडून कामावर जाणारे वळकटी घेऊनच जात, कारण गिरणी त्यांना आतच झोपवी. त्यामुळे गोधडी दिसली की चाळीला दुसरं काही सुचेना. काका रोज संध्याकाळी घरी येतात, याचा विचार करायला कोणाला फुरसत होती! कुठे जाता विचारलं, तर काका म्हणत, "भजनाक."

एके दिवशी काकांच्या दाराला हिरव्या बांगड्यांची माळ लटकली. संप फोडणाऱ्याला चाळीचा आहेर. काकी गॅलरीत येऊन गरजल्या, "माप कोणी दिला रे माझा? बरोब्बर बसतत!" काका चप्पल घालत होते.

बांगड्या आणल्या होत्या दत्ताने, चाळीच्या पुढाऱ्याने. काकांना गिरणीच्या गेटवर पकडायचं म्हणून तो मला घेऊन त्यांच्या मागे निघाला. काका गेटवरून सरळ पुढे गेले आणि डबलडेकरमध्ये चढले. आम्ही लपतछपत वरच्या मजल्यावर.

खालून कंडक्टरचा आवाज आला, "ओ काका, जिन्याखाली काय ठेवलंत?"

"पेटी. भजनाची."

इतक्यात बस खड्ड्यात आदळली आणि गोधडीतून ट्रिंग ट्रिंग वाजलं.

"टाळ पण हत," काका म्हणाले.

अख्खी बस हसली. ड्रायव्हरने हसण्याच्या भरात दोन स्टॉप सोडले, असं मी सांगतो, एक असेल. दत्ता तेवढा हसला नाही.

गिरगावात काका उतरले, गोधडी सोडली, आणि आतून निघाली मधोमध कापून बिजागऱ्या लावलेली सायकल! खटाखट उभी केली, टांग मारली, गल्लीत दिसेनासे झाले. आम्ही धावत सुटलो. एका लग्नाच्या हॉलमागे सायकल पुन्हा दुमडून भिंतीला टेकवलेली होती आणि मोरीत काका उकिडवे बसून जेवणावळीची पातेली घासत होते.

त्यांनी वर पाहिलं. मी पातेल्यांबद्दल न विचारता सायकलबद्दल विचारलं.

"बस गल्लीत शिरणा नाय, माझो गुडघो लांब चलणा नाय," काका पातेल्याकडे बघत म्हणाले. "काम बसक आणि सायकलीक वाटून दिलंय." मग आवाज उतरला. "भांडी घासतंय, ह्या चाळीत सांगू नको रे. घरात हिकापण ठावूक नाय."

परतीच्या बसमध्ये दत्ता आणि मी वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

"काका फितूर नाहीत," दत्ताने चाळीत सांगितलं. "मग जातात कुठे?" लोकांनी विचारलं. दत्ता गप्प. मीही, आयुष्यात प्रथमच. कोणाचाही विश्वास बसला नाही.

संप विरला, गिरणी कायमची बंद झाली. काका-काकी गावी निघाले, तेव्हा गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. खाली कोणी उतरलं नाही. दत्ता उतरला. गोधडीचं गाठोडं उचलून टॅक्सीत ठेवायला वाकला.

"रवूंदे रे," काका हळूच म्हणाले, "लोक बघतत तुका."

दत्ताने वर पाहिलं. आणि हात मागे घेतला.