सीटखालची तार

बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी आवार सांभाळते, तिथं बसून चालवायचं गवतकापणीचं यंत्र एकच आहे. लाल रंगाचं, लहान ट्रॅक्टरसारखं. पोटाखाली पोलादी कवच, कवचात दोन पाती. सगळे त्याला हुल्लुगाडी म्हणतात; कन्नडमध्ये हुल्लु म्हणजे गवत. ती गाडी अण्णा चालवत. आता चालवत नाहीत. त्यांचा उजवा पाय तिच्यात गेला. तो किती वाचेल आणि वाचलेला पाय पुन्हा पेडल दाबेल का, या एकाच प्रश्नात आमचा दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ गेला.

अण्णा माझ्याहून मोठे. चामराजपेटेत माझ्या माहेरच्या गल्लीतच त्यांचं घर. ते मला अक्का म्हणत, मी त्यांना अण्णा. कारखान्याच्या कन्नड-हिंदी-तमिळ गलबल्यात आम्ही दोघं आपलं जुनं, निम्मं कन्नड झालेलं मराठी बोलत असू.

मला याद्या लागतात. घरी किराण्याची, औषधांची, पाहुण्यांच्या अंथरुणांची. कारखान्यात नळ, दिवे, झाडं, कुंपण यांची. हुल्लुगाडीचीही होती, शेडच्या भिंतीवर, प्लॅस्टिकमध्ये घालून. तेल एंजिन गार असताना, गाडी सपाट जागी उभी करून बघायचं. पेट्रोलही गार एंजिनातच भरायचं. हवेचा फिल्टर झटकायचा. कापण्याआधी लॉनवरून चालत फिरून दगड, तारा, बाटल्या उचलायच्या. उतारावर वर-खाली कापायचं, आडवं नाही. गवत ओलं असेल तर थांबायचं. कवचाखाली काहीही करायचं असेल तर आधी किल्ली काढून खिशात टाकायची, स्पार्क प्लगची वायर उपसायची आणि मगच खाली जायचं. तुंबलेलं गवत काठीनं काढायचं. हातानं नाही, पायानं नाही. त्यासाठी एक लाकडी काठी मडगार्डाला क्लिपमध्ये अडकवलेली असे.

"अक्का, एवढं लिहून ठेवलंय, आता गाडीलाच वाचायला शिकवा," अण्णा म्हणत. "मी स्वल्प चहा पिऊन येतो, तोवर ती स्वतःच कापून ठेवेल."

चेष्टा करत, पण सगळं करत. पात्यांना धार लावायला ते स्वतः यशवंतपूरला घेऊन जात. परत आणल्यावर पात्याच्या मधल्या भोकातून भिंतीतला खिळा घालून पातं आडवं तोलून बघत. एक बाजू खाली गेली की म्हणत, "जड आहे. हे असं लावलं तर गाडी रडेल." मग कानशीनं जड बाजू घासत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या अंगवळणी वेगळी पडली होती. या गाडीच्या सीटखाली एक स्विच आहे. माणूस सीटवर असेल तरच एंजिन चालतं. तो उठला की एंजिन मरतं आणि पाती थांबतात. आमचं मॉडेल जुनं, त्यामुळे ब्रेक लावलेला असो नसो, उठलात की बंद. हा स्विच माणूस पडला, झोप लागली, घसरला, तर त्याच्यासाठी. अण्णांनी त्याचं बटण करून टाकलं होतं. कुठं थांबायचं झालं की पात्यांची कळ बंद करायची, ब्रेक ओढायचा, किल्ली फिरवायची, हे काही नाही. सरळ उठायचं. गाडी आपोआप गप्प. मी टोकलं की म्हणत, "मी उठल्यावर ती एकटी कशाला जागी राहील?" वर्षानुवर्षं राहिलीही नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्याकडे सगळी यंत्रं पुसून, तेल घालून, हार घालून सजवतात. घरची माणसं येतात, मुलं यंत्रांभोवती फिरतात, डब्यांतून गोड वाटलं जातं. लेथला हार, फोर्कलिफ्टला हार, डिझेल जनरेटरला हार. प्रत्येकापुढं कुंकू भरलेला कोहळा फुटतो. हुल्लुगाडीची पूजा अण्णांकडे. तिला केळीचे खुंट बांधायचे, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायची आणि सीटवर देवीची तसबीर. आरती एंजिन चालू असतानाच करायची, हा अण्णांचा हट्ट. बंद यंत्राला ओवाळणं म्हणजे झोपलेल्या माणसाला जेवायला वाढणं, असं ते म्हणत.

आदल्या वर्षी या हट्टातूनच घोटाळा झाला. अण्णांनी सीटवर बसून एंजिन चालू केलं, पूजेसाठी उतरताना स्विच दाबलेला राहावा म्हणून घाईनं सीटवर वीट ठेवली आणि विटेवर तसबीर. आरती सुरू झाली, तसबीर सारखी करायला वहिनींनी, अण्णांच्या बायकोनं, हात लावला, वीट घसरली. एंजिन खाकरलं आणि मेलं. टाळ्या-घंटा तशाच चालू, मधोमध ही मुकी गाडी.

"अण्णा, तुमची गाडी देवीला बघून लाजली!" फोर्कलिफ्टवाला ओरडला आणि सगळे हसले.

अण्णा हसले नाहीत. त्याच हिवाळ्यात वहिनींना अर्धांगाचा झटका आला. त्या सावरल्या, पण डावा हात अधू झाला तो झालाच. अण्णांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. मी एकदा म्हटलं, "अण्णा, वीट घसरली एवढंच." ते म्हणाले, "सरी अक्का, बरं. वीटच घसरली." त्यांना ते पटलेलं नव्हतं.

म्हणून पुढच्या आयुधपूजेला त्यांनी विटेवर भरवसा ठेवला नाही. कुणी सीटवर बसून राहावं, तर पूजा होत असताना देवीच्या जागी कोण बसणार? तसबीर हलकी; देवीचं वजन स्विचला कळत नव्हतं. अण्णांनी इलेक्ट्रिशियनला गाठलं. त्यानं सीटखालचा जोड सोडवला आणि दोन टोकांमध्ये तारेचा बोटभर तुकडा खुपसला. आता गाडीला सीटवर कायम कुणीतरी बसलेलं आहे असं वाटत राहणार होतं. मडगार्डावरची लाकडी काठी काढली आणि त्या क्लिपमध्ये केळीचा खुंट बसवला.

आरती छान झाली. एंजिन एका लयीत चालत राहिलं. वहिनी उजव्या हातानं ओवाळत होत्या आणि अण्णांनी त्यांच्या डाव्या हाताला खालून आधार दिला होता. मी त्या वेळी कॅन्टीनपाशी पाहुण्यांच्या पानांची व्यवस्था बघत होते. तारेचं मला नंतर कळलं. तसबीर, हार, धूर आणि घरघरणारी गाडी एवढं लांबून दिसलं, आणि अण्णांच्या चेहऱ्यावरचा तो सुटल्याचा भाव.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन पक्कड घेऊन तार काढायला आला. अण्णांनी त्याला शेडच्या दारातूनच परतवलं.

"काय रे, पूजा झालेल्या यंत्राला आज पक्कड लावतोस? हळदकुंकू ओलं आहे अजून. दसरा होऊ दे, मग काढ."

आमच्याकडची रीतच ती. पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. इलेक्ट्रिशियन "सरी अण्णा" म्हणून गेला आणि दसऱ्याला गावी गेला. तिथं त्याला ताप आला आणि तो तिथंच राहिला.

त्या दिवसांत पाऊस रेंगाळला होता. सुट्टी संपून कारखाना उघडला तेव्हा लॉन गुडघ्याकडे निघालं होतं आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे येणार होते. गवत ओलं होतं. अण्णांना ते कळत होतं. साहेबांनी मात्र खिडकीतून बोट दाखवून सांगितलं होतं की एवढा पट्टा तरी आज झालाच पाहिजे. तो पट्टा जनरेटरच्या खोलीला लागून. वीज गेलेली होती, जनरेटर पूर्ण आवाजात चालू होता आणि अण्णांच्या कानांवर आवाज अडवणारे टोप होते.

ओलं गवत कवचात तुंबलं. उजव्या बाजूच्या ज्या तोंडातून ते बाहेर फेकलं जातं, तिथं त्याचा लगदा बसला आणि त्यात पाती अडकली; पात्यांना फिरवणारा रबरी पट्टा नुसता घसरत राहिला. अण्णा उठले, नेहमीसारखे. उठलं म्हणजे गाडी मेली, हे त्यांच्या शरीराला ठाऊक होतं. जनरेटरच्या आवाजात गाडीचा आवाज वेगळा ऐकू येत नव्हता. काठीसाठी हात गेला तर क्लिपमध्ये सुकलेला केळीचा खुंट. मग त्यांनी बुटाच्या टोकानं लगद्याला एक धक्का दिला. लगदा सुटला आणि पाती फिरली.

गेटवरचा रखवालदार आधी धावलाच नाही. जनरेटरपुढच्या गवतावर लाल दिसलं, त्याला वाटलं फुटलेल्या कोहळ्याचं कुंकू. मग अण्णा खाली बसलेले दिसले.

मी पोचले तेव्हा गाडी अजून चालू होती. मी आधी किल्ली काढली. मग माझी ओढणी पायावर आवळली. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते रिकाम्या सीटकडे बघत होते.

"अक्का, मी उठलो होतो," ते म्हणाले. "मी उठलो होतो ना?"

इस्पितळात दोनदा शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वेळी बोटं गेली. जखम चिघळली म्हणून दुसऱ्या वेळी पुढचं अर्धं पाऊल. टाच आणि घोटा राहिला. डॉक्टर बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की टाच राहिली हे चांगलं झालं, चालता येईल. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "आरती तर पूर्ण झाली होती."

अण्णांनी शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा विचारलं ते पेडलचं. आमच्या गाडीला उजव्या पायाखाली एकच लांब पेडल आहे. पावलाच्या पुढच्या भागानं दाबलं की गाडी पुढं, टाचेनं दाबलं की मागं.

"पुढं कशानं जायचं आता?"

"बूट करून देतात अण्णा. पुढं भरीव असतो."

"तो दाबेल?"

"बघू."

मी खोटं बोलले नाही, एवढंच. इलेक्ट्रिशियनचं नाव त्यांनी कुठल्याच जबाबात घेतलं नाही. चौकशीला आलेल्यांना म्हणाले, तार माझ्या सांगण्यावरून घातली, काढायला आला त्याला मीच हाकललं. मला म्हणाले, "त्याच्या हातात पक्कड होती अक्का. मी त्याला हळदकुंकू दाखवलं."

साहेबांनी त्यांना काढलं नाही. गाडी चालवता आली तर तीच जागा, नाही तर गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद. गेटचं काम वाईट नव्हतं. सावली होती, पंखा होता. पण अण्णा इस्पितळातून घरी गेल्यापासून पलंगाच्या पायाला तो भरीव बूट लावून दाबत बसत. वहिनी सांगत, "पलंग भिंतीला टेकवलाय त्यांनी. रात्रंदिवस ढकलतात. काही होतंय का, तेच बघतात."

उन्हाळ्यात ते रिक्षातून उतरले ते थेट शेडकडे. हातात काठी, पायात तो काळा बूट. तोवर मी नवा स्विच बसवून घेतला होता. जोडावर पत्र्याची डबी होती आणि डबीला कुलूप. रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी चाचणी होत असे: पाती चालू करायची, सीटवरून अर्धवट उठायचं, एंजिन त्याच क्षणी मेलं पाहिजे. मेलं नाही तर गाडी शेडमध्येच.

अण्णा सीटवर चढले. डावा हात स्टिअरिंगला, उजव्या हातानं मांडी उचलून पाय पेडलवर ठेवला. एंजिन लावलं, पात्यांची कळ ओढली आणि जरासे उठले. एंजिन मेलं.

"मरतं," ते म्हणाले.

"मेलंच पाहिजे."

पुन्हा लावलं. शेडपुढच्या सपाट जागेवर, पाती बंद ठेवून. त्यांनी बूट पुढं दाबला. गाडी थरथरली आणि जागच्या जागी राहिली. बुटातल्या भरीव तुकड्याला जोर कुठून येणार? जोर येतो तो घोट्यातून, आणि पुढं पोचायच्या आधी टाचेत उतरतो. त्यांनी दात आवळून पुन्हा दाबलं. गाडी मागं सरकली. त्यांनी बूट सरकवून बघितला, गुडघा वर घेतला, शेवटी वाकून हातानं बुटाचं टोक खाली रेटलं. तेवढ्या वेळ ती वीतभर पुढं गेली. हात काढला की मागं. रखवालदार बघत होता, तो तोंड फिरवून गेटकडे गेला. गाडी पाठीमागं पाठीमागं जात शेडच्या भिंतीला लागली.

अण्णांनी पात्यांची कळ बंद आहे हे हात लावून बघितलं. ब्रेक ओढला. किल्ली फिरवली. एंजिन थांबलं, तरी ते उठले नाहीत. एंजिनच्या पंख्याची घरघर संपेपर्यंत थांबले. मग किल्ली काढली आणि काठीवर भार टाकून उतरले. इतक्या वर्षांत त्यांना हे सगळं क्रमानं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

"उद्यापासून गेटवर येतो."

"सरी अण्णा."

ते चार पावलं गेले आणि थांबले. "पुढच्या पूजेला एंजिन बंद ठेवा अक्का. तसबीर ठेवा, ओवाळा, पण बंद. देवीला चालेल." मग काठीनं मडगार्डाकडे दाखवलं. "आणि केळीचा खुंट दुसरीकडे बांधा."

मी दोन्ही गोष्टी तिथंच उभ्या उभ्या लिहून घेतल्या.