भावाच्या खात्यावरची चेनवाली

बॅगेची चेन अडकली की लोक आधी ती हिसडतात, मग शिव्या देतात आणि शेवटी चेनवालीकडे येतात. तिचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं आणि तिचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. जिन्याखालच्या अरुंद गाळ्यात पक्कड, मेणाचा तुकडा आणि चेनच्या रनरचा डबा घेऊन ती बसे. बसे म्हणायचं एवढंच. एका जागी ठरेल तर शपथ. चेन जुळवता जुळवता उठून रस्ता बघायची, परत यायची आणि पक्कड हातात असताना पक्कड शोधायची.

हल्ली तर पायाला भिंगरीच लागली होती. गाळ्याच्या मालकाला महिनाअखेर मोठी अनामत हवी होती. नाही दिली तर समोरचा मोबाइल-कव्हरवाला टपलेलाच होता. तिच्याजवळ तेवढे पैसे नव्हते, पण चालता धंदा होता, आणि धंदा बघून बँक कर्ज देते असं तिनं ऐकलं होतं. एका सकाळी कुलूप लावून ती बँकेत गेली.

कर्ज बघणारी मुलगी चांगली होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघितलं.

"मावशी, तुमच्या खात्यावर काहीच हालचाल नाही."

"असं कसं? पैसे जमा झाले, पैसे जमा झाले म्हणत गाळ्यातला तो कोडचा डबा दिवसभर बोलतो. कान किटले माझे."

"जमा होतात, पण कुणाच्या खात्यावर?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मोबाइलवरून पैसे घ्यायचा कोड लावणारा माणूस गाळ्याच्या दारात आला तेव्हा तिच्याकडे बटणांचा फोन होता. धाकटा भाऊ म्हणाला होता, माझ्या खात्यावर घे ताई, रोज आणून देत जाईन. आणि पठ्ठ्या शब्दाला जागला होता. औषधांच्या गोदामातून सुटला की पै न पै तिच्या हातावर आणून ठेवी. भाऊ असावा तर असा, हे तिनंच बाजारभर सांगितलं होतं.

"आता आम्ही कागदांच्या आधी हेच बघतो, लोक रोज तुम्हाला पैसे देतात का," ती मुलगी म्हणाली. "कोडवर ज्याचं नाव, आमच्या लेखी दुकान त्याचं."

"मग मी कोण?"

"स्वतःच्या नावाचा कोड घ्या," ती मुलगी म्हणाली. "सहा महिने व्यवहार दिसू देत. मग मी स्वतः तुमचा अर्ज भरून देते."

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा तिनं आडपडदा ठेवला नाही. "माझ्या धंद्यावर तुला कुणी कर्ज दिलंय का रे?"

तो खाली बघू लागला. "मागच्या वर्षी बँकेचाच मेसेज आला, ताई. धंदा चांगला चाललाय, कर्ज घ्या म्हणून. दुचाकी घेतली. हप्ते माझ्या पगारातून जातात. तुझ्या पैशाला मी हात लावला नाही."

खरं होतं ते, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. चोराला चार शिव्या तरी घालता येतात. याला काय घालणार?

"बँकवाले अजून कर्ज देतील मला," तो म्हणाला. "अनामत मी भरतो. गाळ्याचा करार तेवढा माझ्या नावावर होईल. आपल्यात काय तुझं-माझं?"

"आपल्यात नसेल. बँकेत आहे."

बोलून गेली खरी, पण जिवाला चैन पडेना. मालकाच्या दारापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. भावाला एक हो म्हटलं की गाळा वाचत होता. तो हो काही तिच्या तोंडून निघाला नाही. महिना संपला आणि गाळा गेला. स्टूल उचलताना ती रडली, कव्हरवाल्यासमोरच.

फोटो स्टुडिओच्या पायरीशी तिनं टेबल टाकलं. भाचीचा जुना फोन आला, नवा कोड आला, नवा डबा आला. कोडवर तिचं खरं नाव होतं. "हे कोण?" गिऱ्हाइकं विचारत. "मीच," ती म्हणे.

पण खोड मोडायची म्हणजे सोपं नाही. जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनला भावाचंच नाव पाठ. ते न बघता बोट दाबत आणि चालू पडत. डबा गप्प राहिला की ही कोपऱ्यापर्यंत मागे धावे. "दाखवा बघू, कुणाला गेले?" निम्मा दिवस त्या धावाधावीतच जाई.

त्या आठवड्यात भाऊ आला आणि त्यानं सवयीनं नोटा पुढे केल्या. "शाळेच्या मास्तरांनी सहलीच्या बॅगा दुरुस्त केल्याचे पैसे माझ्याकडेच टाकले. धर."

तिनं हात पुढे केला नाही. "परत पाठव."

"कुणाला?"

"मास्तरांना. आणि फोन करून सांग, माझ्या कोडवर टाका म्हणावं."

"अगं, मीच टाकतो ना तुझ्या कोडवर. एका मिनिटाचं काम."

"तू टाकलेस तर बँकेला काय दिसेल? भाऊ बहिणीला पोसतोय."

त्यानं नोटा खिशात घातल्या, पैसे परत पाठवले आणि मास्तरांना फोन लावला. पलीकडून उचलेपर्यंत ती त्याच्यासमोर एका जागी उभी होती.