निळ्या रंगाखालची गिटार

महाळुंगे पडवळच्या आमच्या गायन पार्टीत वडील गिटार वाजवायचे आणि आई गायची. गिटार वडिलांनी बंद पडलेल्या एका तमाशा फडाकडून घेतली होती. ती अमेरिकेची आहे, असं ते चाळीस वर्षं सांगत आले. पण पार्टीची रीत अशी, की जयंतीच्या आधी पेटीपासून माइकच्या स्टँडपर्यंत सगळ्याला निळा ऑइलपेंट. गिटारलाही दर वर्षी एक हात बसला आणि तिच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव कायमचं बुडालं. मग काय, अख्खी पार्टी वडिलांनाच 'अमेरिका' म्हणू लागली. चिडवण्यात आई सगळ्यांच्या पुढे.

यंदा गिटार विहारात ठेवायची ठरली. तिच्याखाली पाटी लावायची होती, तिथे वडील अडून बसले. "खोटं लिवायचं न्हाई. आधी तपासून घ्या." या वयात त्यांचं बोलणं खोटं पडलेलं मला बघायचं नव्हतं.

नारायणगावात पेट्या आणि बॅन्जो दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. मोबाइलवर जुन्या पोकळ गिटारींचे फोटो बघून मी स्वतःला जाणकार समजत होतो; या माणसाने रंग खरवडलासुद्धा नाही. पोटावर टिचकी मारून म्हणाला, प्लायवूड. तारांखालची घोडी बोटाने हलवली. ती चिकटवलेली नव्हती, नुसत्या तारांच्या दाबाने उभी होती. मग गिटार उलटी करून मानेच्या बुडाशी अंगठा फिरवला. रंगाखाली चार स्क्रू हाताला लागले.

"अमेरिकेच्या असल्या गिटारीची मान बहुतेक चिकटवलेली असती, भाऊ. ही जपानची वाटती. पण काम बघा, मान अजून सरळ हाय." त्या अंगठ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

आतलं लेबल बघायला कारागिराने एफच्या आकाराच्या भोकात चिमटा घातला, तर आधी कापडच निघालं. पांढऱ्या साडीचा हातभर तुकडा. त्याच्या मागे लेबल होतं, जपानचंच.

"स्पीकरसमोर पोकळ गिटार शिट्टी मारती, म्हणून ठासलं व्हय?" त्याने कौतुकाने विचारलं. वडिलांनी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर वडिलांनी स्वतःच सांगून टाकलं, "जपानची निघाली." आईचं लक्षच नव्हतं. गिटारीतून निघालेलं, माझ्या हातातलं कापड तिने ओळखलं होतं. तिच्या जयंतीच्या साडीचा पदर कुणी कापला, या संशयावरून तिने काकूशी दोन वर्षं अबोला धरला होता.

"पदर कशापायी कापला?"

"शिट्टी वाजली की तुझं गाणं ऐकू यायचं न्हाई."

आईने कापडाची घडी केली आणि स्वतःच्या बोटाने ती भोकात परत सारली.

"पाटीवर जपान लिवा," ती म्हणाली. "आन् हे कापड कुनी काढायचं न्हाई."