चंद्रीच्या कातड्याचं पाकीट

सुरुवातीलाच सांगतो, चूक माझीच. नवी चप्पल चावायला लागली की आम्ही ती रात्रभर पाण्यात भिजवतो आणि ओलीच पायात घालून फिरतो. लगेच सैल. तोच न्याय मी रिव्हॉल्वर ठेवायच्या नव्या चामडी पाकिटाला लावला. भिजवलं, रिव्हॉल्वर आत कोंबलं आणि उन्हात ठेवून दिलं. फरक एवढाच, की चपलेत पाय हलतो... रिव्हॉल्वर गप पडून राहतं. दिवस मावळेपर्यंत कातडं आवळून दगड झालं होतं.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं की मला आधी हसू येतं, मग बायकोचा चिमटा बसतो. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

आमचं गाव हट्ट्याजवळ. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन तेव्हा दोन-चार वर्षं झाली असतील. वडिलांच्या मागं रिव्हॉल्वरचं लायसन्स माझ्या नावावर झालेलं. त्यातून मी आजवर एक गोळी उडवलेली नाही, पण लग्नात कमरेला लावलं की पंगतीत भजी जास्त पडतात. जुनं पाकीट उंदरांनी खाल्लं, म्हणून आखाडा बाळापूरच्या बाजारातून नवं शिवून आणलं. कातडं आमच्याच चंद्रीचं.

चंद्री म्हणजे आमची म्हैस — आदल्या वर्षी म्हातारपणानं गेली. ती फक्त माझ्या बायकोच्या, सुमनच्या हातालाच दूध द्यायची. मी बसलो की पान्हा चोरायची. सुमन माहेरी गेली की मी तिचं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसायचो, मग पान्हा सोडायची. आमच्याकडं बरेच गडी असं करतात. फक्त सांगत नाहीत.

तर, निवडणूक लागली. अशा वेळी लायसन्सवाल्यांनी आपलं हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं. सवयीप्रमाणं मी शेवटच्या दिवशी गेलो.

"काढा पाटील, नंबर बघू," जमादार म्हणाले.

नंबर नेमका कातड्याच्या आत. मी ओढलं. जमादारांनी ओढलं. मग एका शिपायानं पाकीट धरलं, दुसऱ्यानं मूठ, आणि ठाण्यात रस्सीखेच सुरू झाली. (गोळ्या पाकिटात कोंबायच्या आधीच काढून ठेवल्या होत्या. तेवढी अक्कल शिल्लक होती.)

"ब्लेडनं कापू का?"

"नको नको!" चंद्री गेली तेव्हा सुमन दोन दिवस जेवली नव्हती. तिला न विचारता चंद्रीवर ब्लेड चालवायची माझी टाप नव्हती.

"मंग सांजच्याला नंबर दाखवा. न्हाईतर लायसन्स रद्द करा म्हणून वर लिहितो. मला बी नोकरी हाय."

वडिलांनी तीस वर्षं सांभाळलेलं लायसन्स, आणि मी ते चपलेच्या अकलेनं घालवणार! घरी आलो. एरंडेल ओतलं, दाराच्या फटीत अडकवून ओढलं. सुमन पुसेगावला, भाच्याच्या बारशाला गेलेली. आई ओसरीवर बसून बघत होती.

"काहून झोंबून राहिला रे? चंद्रीच हाय ना ती? मंग नेस की सुमनचं पातळ."

"आई, ते पाकीट हाय!"

"म्हशीला कुठं ठावं हाय?"

आईनं आतून एक हिरवं पातळ आणून दिलं. गोठ्यात गेलो, नेसलो, पदर घेतला. "हं बाई... सोड..." म्हणत मूठ धरली — आणि रिव्हॉल्वर लोण्यातून सुरी निघावी तसं हातात आलं. आणि त्या आनंदात मी काय केलं असेल? पातळ सोडलं, रिव्हॉल्वर परत पाकिटात खुपसलं आणि ठाण्याकडं निघालो. आईनं पातळ पिशवीत घालून हातात दिलं. "असू दे संगं."

ठाण्यात... पुन्हा दगड. जमादारांनी कागद पुढं ओढला.

"थांबा," मी म्हणालो, "जरा तिकडं तोंड करा."

"काहून?"

कुणी तोंड फिरवलं नाही. धोतरावरच पातळ गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला. एक शिपाई खुर्चीवरून घसरला. मी डोळे मिटून म्हणालो, "हं बाई, सोड." सुळ्ळकन आलं. जमादारांनी नंबर लिहून घेतला, मग हळूच विचारलं, "पाटील, ह्ये कायद्यात बसतं का?"

ओल्या कातड्याचं शास्त्र मी मागाहून दोघाचौघांना विचारलं. एरंडेलानं सुटलं असेल, म्हणाले. मग पदर घेतल्यावरच का? आणि ठाण्यात पुन्हा काहून घट्ट झालं? कुणाला सांगता आलं नाही. मलाही आजतागायत कळलेलं नाही.

सुमन परत आली. सगळं ऐकून तिनं ते हिरवं पातळ मागितलं, उलटंपालटं केलं आणि दाराशीच बसली.

"अहो, ह्ये तर चंद्री गेल्यावर घेतलेलं. तिनं ह्ये कधी बघितलंच न्हाई."

"मग तिनं ओळखलं कुणाला?"

"तुमालाच. पहिल्यापास्नं ओळखत व्हती. तुमाला नटलेलं बघायची हौस व्हती तिला."