सभेत नडलेले बूट

सुग्रीव मिस्त्रीला राग यायचा नाही. तो रागातच राहायचा. जेवायला तेवढा बाहेर यायचा.

परळीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात तो भट्टीवर होता. गरम राख ओढायचं काम. कारखान्याकडून मिळणारे रबरी बूट राखेवर पाय ठेवला की जिलबीसारखे व्हायचे. दोन जोड असे वितळल्यावर सुग्रीव तडक परळीला जलालुद्दीनचाचांच्या दुकानी गेला. चाचा हातानं बूट शिवायचे आणि गिऱ्हाईकाला सुईसारखं टोचायचे.

"सकाळी कशापायी आलात, मिस्तरी? सकाळचा पाय झूठा असतो. भट्टीवरनं सुटलात की तसेच या. सुजलेल्या पायाचं माप खरं."

संध्याकाळी सुग्रीव राखेच्या पायानं परत आला. चाचांनी त्याचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली.

"थोडी जागा सोडतो."

"बोटांना?"

"गुस्स्याला. तुमचा लई उतरतो खाली."

बूट झाले ते मात्र बघण्यासारखे. म्हशीचं दुहेरी कातडं, तळाला खिळे, आणि वरून निखारा आत पडू नये म्हणून पार नडगीपर्यंत नाडी. सुग्रीवनं ते घातले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न रागावता घरी आला. बायको, छबुबाई, घाबरली. "ताप हाय का अंगात?"

बूट आले, पण पाऊस आला नाही. उभा ऊस वाळला, उरला तो जनावरांच्या छावणीत गेला. भट्टी पेटलीच नाही. सुग्रीव मग बूट घालून टँकरच्या रांगेत उभा राहू लागला. कुणी हसलं की म्हणायचा, "भट्टी न्हाई पेटली, मी पेटलोय की!"

कारखान्याच्या तळ्यात अजून पाणी होतं. पण कामगार चाळीचा नळ बंद करून ते बेणेमळ्याला, म्हणजे उसाच्या बियाण्याच्या शेताला, सोडलं होतं. बेणेमळ्यात बेणं नव्हतं; पाणी तिथून पुढे चेअरमनच्या मोसंबीला जायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. आता वार्षिक सभेत पाणी बेणेमळ्यालाच द्यायचा ठराव येणार होता. सुग्रीव बापाच्या शेअरवर सभासद होता. "मी बोलतो," तो चाळीला म्हणाला. बायका रिकामे हंडे घेऊन मंडपाबाहेर उभ्या राहिल्या.

ठराव पुकारला तसा सुग्रीव उठला. "मला बोलायचंय!"

"या की मिस्त्री, वर या," चेअरमन साखरेहून गोड. साखर नव्हती त्या वर्षी, गोडी तेवढी उरली होती. "फक्त बूट काढून या. देवापुढं दिवा लावलाय."

नियम जुना होता, आणि सुग्रीव देवाला मानणारा. तो चपलांच्या ढिगाऱ्यात खाली बसला आणि नाडी सोडू लागला. भट्टीवाल्याची सवय, प्रत्येक वेढ्याला गाठ. चेअरमननं सेक्रेटरीला डोळा घातला. सेक्रेटरी आगगाडीसारखा वाचत सुटला. सुग्रीवचा एक बूट निघाला. दुसऱ्याची नाडी त्यानं रागानं अशी ओढली की निरगाठ बसली.

"हरकत न्हाई ना कुणाची?" चेअरमननं विचारलं.

"थांबा, गाठ..."

"मंजूर!" मंडपानं कधी नाही तो एका सुरात आवाज दिला. टाळ्याही पडल्या.

"हं, बोला आता मिस्त्री," चेअरमन म्हणाले. मंडप खो खो हसला.

सुग्रीव एक बूट हातात, एक पायात, असा उभा. बाहेरून छबुबाई कडाडली, "नाडी पायाला हुती का तोंडाला? बसल्या जागी बोलायचं की वो!"

कुठला बूट कधी चावला नव्हता इतकं हे चावलं. सुग्रीव काळानिळा झाला. "बोलायचं ऱ्हायलं ना? आता बोलतच न्हाई." आणि तसाच, एका अनवाणी पायानं, बाभळीच्या काट्यांतून तळ्याकडे निघाला. मागे हंडे.

तळ्याच्या व्हॉल्व्हवर सिदू वॉचमन होता. "मिस्तरी, मंजूर झालंय."

"मला इचारलं का बे?"

"इचारलं की. तुमी बूट काढीत हुता."

सुग्रीवनं असं बघितलं की सिदू एक पाऊल मागं सरला. हंड्यांच्या रांगेत त्याची स्वतःची बायकोही होती आणि तीही त्याच्याकडेच बघत होती. सिदूला एकाएकी तळ्याच्या पलीकडे फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं. तो तिकडे बघत राहिला.

चाळीच्या व्हॉल्व्हचं चाक गंजून बसलं होतं. हातानं हलेना. सुग्रीवनं बुटाच्या पायानं पहिली लाथ घातली ती चेअरमनच्या नावानं. दुसरी सेक्रेटरीच्या. तिसरी मंजूर म्हणणाऱ्या सगळ्यांच्या. चाक किरकिरलं, फिरलं. खाली चाळीकडून पोरांचा कालवा ऐकू आला. नळ आला होता.

"झालं की वो मनासारखं," छबुबाई हळूच म्हणाली. "आता तरी हसा."

"हसू? सकाळी येऊन बंद करतील ते."

त्यानं चाळीतून बाज मागवली, व्हॉल्व्हला लावून टाकली आणि तिच्यावर आडवा झाला. एक बूट अजून पायातच होता, गाठ काही सुटली नव्हती. दुसरा त्यानं उशाला घेतला.