मशिनची वेलांटी

आमच्या शाळेच्या भिंतींवरचे सुविचार धर्मपाल पेंटर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्यानं रंगवायचे. अकोल्याच्या त्या उन्हात शाळेत निकालाची कामं उरकणारी मी असायची आणि शिडीवर ते. खडूनं माखलेली दोरी भिंतीशी ताणून धरायची, बोटानं उचलून सोडायची, की सरळ पांढरी रेघ उमटायची. वर एक, खाली एक. मग त्या दोन रेघांच्या मध्ये अक्षरं. त्यांची मुलगी नीलम तेव्हा लहान होती. निळ्या रंगाचा डबा दोन्ही हातांनी धरून ती शिडीखाली उभी राहायची आणि वर ब्रश कसा फिरतो ते पाहत बसायची.

पेंटर बोलायचे थोडं. मी एखादा अनुस्वार दाखवला, तर शिडीवरूनच म्हणायचे, "बाई, तुमी पोरायच्या वह्या तपासा. भिंत माह्याकडे राहू द्या." आणि अनुस्वार देऊन टाकायचे.

एकाच ठिकाणी त्यांनी माझं ऐकलं नाही. त्यांच्या भाड्याच्या घराच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं: 'ललिता शिलाई मशिन'. ललिता त्यांची बायको. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज आणि शाळेच्या पोरींचे युनिफॉर्म ती शिवायची. पाटी लागली त्या दिवशी मी म्हटलं, "पेंटर, मशीनमधला शी दीर्घ असतो."

"शाळेत दीर्घ, बाई. दुकानावर ऱ्हस्व," ते म्हणाले. "दीर्घ वेलांटी अक्षराले मांगून ढकलते. ऱ्हस्व कशी, पह्यले येऊन उभी राहते अन् डोक्यावर छत्री धरते."

आतून ललिता हसून म्हणाली, "त्यायले शिकवू नका बाई. माहं नाव बरोबर लिहिलं नं, लय झालं."

ललिता दोन वर्षांपूर्वी गेली. मिशनच्या दवाखान्यात बरेच दिवस होती. शेजारची रागिणी तिच्याजवळ थांबायची. रागिणी लग्न मोडून माहेरी आलेली मुलगी. ललितानं तिला समोर बसवून शिवण शिकवलं होतं, त्याच मशिनवर. ललिता गेल्यावर मशिनवर चादर पडली आणि त्या घरात पायडलचा आवाज थांबला.

मग गेल्या दिवाळीच्या आधी पेंटरांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. 'हो' म्हणायचं असलं की ते डोळे मिटायचे, 'नाही' असलं की भिंतीकडे पाहायचे. रागिणी दोन वेळा येऊन त्यांना भरवायची. मुलगा प्रीतम अमरावतीला एका ऑफिसात कारकून. त्यानं ठरवलं, बाबांना अमरावतीला न्यायचं, अकोल्याचं घर सोडायचं. त्यात काही चूक नव्हती. रोज अमरावतीहून येणं त्याला जमणारं नव्हतं. पुण्याला सॉफ्टवेअरचं काम करणारी नीलम रजा काढून आली होती. तिची रजा संपली की निघायचं, तोवर सामानाची विल्हेवाट लावायची.

पण पेंटरांना काहीतरी सांगायचं होतं. घर सोडायचं ठरल्यापासून ते बेचैन झाले होते. घशातून आवाज काढायचे, डावा हात उचलायचे. नीलमनं त्या हातात पेन दिलं. त्यांनी कागदावर एक वाकडी रेघ ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि पेन परत केलं. ज्या माणसानं आयुष्यभर दोरीनं आखून लिहिलं, तो तसली अक्षरं लिहायला तयार नव्हता. फोनवर टाइप करायला दिलं, तर थरथरणारं बोट एका वेळी तीन अक्षरांवर पडायचं.

तेव्हा नीलमनं तिचा जुना लॅपटॉप काढला आणि बाबांसाठी स्वतः एक प्रोग्राम लिहायला घेतला. मी संध्याकाळी जायची, तेव्हा ती मला समजावून सांगायची.

"बाई, याच्यात चित्रं नाहीत, काही नाही. काळी पाटी अन् पांढरी अक्षरं, बस. दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा असतात, त्याला लायब्ररी म्हणतात. मी तिला सांगते, अमुक ओळीत, अमुक घरात हे अक्षर लिही. आधी ओळ सांगायची, मग घर."

"तुझे बाबाही आधी ओळच आखायचे."

"व्हय नं," ती म्हणाली. "अन् गंमत पाहा, लिही म्हटलं तरी लगेच दिसत नाही. ती आपल्याजवळ लिहून ठेवते. रिफ्रेश म्हटलं, की मग सगळं पडद्यावर येतं."

खाटेवरून पेंटर ऐकत होते.

पडद्यावर मुळाक्षरं रांगेनं मांडलेली, खाली काना, मात्रा, वेलांट्या. एक उजळ चौकोन एकेका अक्षरावरून हळूहळू सरकत जायचा. हवं ते अक्षर उजळलं की पेंटरांनी डाव्या हातानं एकच लांब बटण दाबायचं. बटण मोठं, त्यामुळे हात थरथरला तरी चालणार होतं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. प्रत्येक चिन्ह वेगळ्या घरात पडलं. अक्षर एकीकडे, मात्रा शेजारच्या घरात एकटी. पेंटरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रंग सांडल्यावानी दिसते माय," रागिणी म्हणाली.

"तू थांब वं जराशी," नीलम म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. अक्षर आणि त्याची मात्रा एकत्र करून एकाच घरात लिहायची, असं तिनं केलं. एक बदल आणखी केला. अर्धवट शब्द दिसला की बाबा त्यालाच पाहत थांबत, म्हणून शब्द पुरा झाल्यावरच तो पडद्यावर यावा. दुसऱ्या दिवशी तिनं 'धर्मपाल' असं लिहून दाखवलं. त्यांनी ते अक्षर न् अक्षर पाहिलं आणि डोळे मिटले.

मग त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. आम्ही तिघी खाटेजवळ उभ्या होतो. बराच वेळ लागला. शब्द पुरा झाला आणि पडद्यावर आला: 'मिशन'.

मिशनचा दवाखाना. ललिता जिथं गेली ती जागा त्यांना आठवत होती, तिथंच जायचं म्हणत होते, असंच आम्हाला वाटलं. ते पुढेही बटण दाबत राहिले. दुसरा शब्द आला तो मोडका होता. र, काना, मग ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळणारी एक वेलांटी, मग ग आणि पुढे काहीबाही. नीलमला वाटलं, हात चुकला. पेंटरांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि घशातून आवाज काढू लागले. नीलमनं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि प्रीतमला फोन लावला.

प्रीतम सकाळी गाडी करून आला. बापाला उचलून घेताना म्हणाला, "बाबा, मिशनमधीच जायचं होतं, तं आधी काहून नाई सांगतलं?" आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो खाली मान घालून बापाच्या पायात मोजे घालू लागला.

दवाखान्यात त्यांना तपासलं, नवीन काही निघालं नाही. पण ललिता होती त्या वॉर्डाच्या बोळात चाकांची खुर्ची आली, तेव्हा पेंटरांनी नीलमचं मनगट घट्ट धरलं आणि भिंतीकडे पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. नीलमला वाटलं, आईच्या आठवणीनं.

परत आल्यावर त्यांनी बटणाला हात लावला नाही. उजळ चौकोन अक्षरांवरून फिरत राहायचा, आणि ते डोळे मिटून पडलेले. ते डोळे मिटणं 'हो' नव्हतं, एवढं आम्हालाही कळत होतं. शेवटी नीलमनं लॅपटॉप बंद केला.

रविवारी निघायचं होतं. जुनं सामान घेणारा माणूस सकाळीच आला, आलमारी आणि शिलाई मशिन न्यायला. प्रीतम गाठोडी बांधत होता. रागिणी वाटीतून पेंटरांना वरण भरवत होती. मी पोळ्यांचा डबा घेऊन पोचले, तेव्हा नीलम दारावरची पाटी काढून पायरीवर बसली होती आणि ओल्या फडक्यानं पुसत होती. अक्षरांवरून, बापाचा ब्रश जसा गेला असेल तसंच तिचं बोट जात होतं. म वरून उतरलं, मग वेलांटीच्या उभ्या दांड्यावरून वर चढलं, छत्रीसारखं वळलं, आणि मग श वर आलं.

तिथं ते थांबलं.

"बाई," ती म्हणाली, "बाबा वेलांटी आधी काढतात. श च्या आधी."

ती पाटी तशीच घेऊन आत गेली आणि बापासमोर धरली. "बाबा, हे लिहीत होते तुमी? मशिन? वेलांटी आधी दिली, मग श?"

पेंटरांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

कॉम्प्युटरला आधी अक्षर लागतं, मग वेलांटी. पेंटरांनी ब्रशच्या रीतीनं म नंतर वेलांटी निवडली, श साठी. ती मागे जाऊन म वर बसली आणि मशिनचं मिशन झालं. दुसरा शब्दही तसाच मोडला होता. माझं ऐकून ते मशीन दीर्घ लिहिते, तर मिशन झालंच नसतं. पण त्यांच्या दुकानावर ती ऱ्हस्वच होती.

नीलमनं उभ्याउभ्याच दुरुस्ती केली. ऱ्हस्व वेलांटी निवडली, तर ती पुढचं अक्षर येईपर्यंत थांबेल आणि त्याच्यावर बसेल. लॅपटॉप खाटेवर ठेवला. सामानवाला दारात उभा होता. प्रीतम त्याला म्हणाला, "थांबा भाऊ जराशे."

चौकोन सरकू लागला. पेंटरांचा हात बटणावर आला.

'मशिन'.

मग पुन्हा कितीतरी वेळ.

'रागिणीले'.

प्रीतमनं ते मोठ्यानं वाचलं, "मशिन रागिणीले." आणि वळून रागिणीकडे पाहिलं. तिनं वरणाची वाटी खाली ठेवली होती.

"ललितामावशीनं म्हटलं होतं," ती म्हणाली. "मिशनमधी असतांनी. बाबा होते तवा जवळ. म्हणे, माह्या मांगं मशिन तुही."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"कसं सांगू दादा? मांगल्यावानी झालं असतं. अन् तुमचे बाबा असे पडलेले."

प्रीतम दाराशी गेला. "आलमारी न्या भाऊ," तो म्हणाला. "मशिन राहू द्या." सामानवाल्यानं काहीतरी कुरकुर केली, मग आलमारीला हात घातला.

नीलम खाटेच्या काठावर बसली होती. बापाचा डावा हात तिनं आपल्या हातात घेतला. "अन् पाटीचं काय करू बाबा? नेऊ अमरावतीले?"

ते भिंतीकडे पाहू लागले.

"रागिणीलेच?"

डोळे मिटले.

"बाई आल्या आहेत पाहा," नीलम म्हणाली. "त्या म्हणतात, शी दीर्घ करून द्यावा."

पेंटरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग सावकाश मान वळवून भिंतीकडे. प्रीतम हसला, मग रागिणी हसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. ललिता गेल्यापासून त्या घरात असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

अमरावतीला ते काही महिने होते. रोज थोडं लिहायचे. नीलम मला त्या काळ्या पडद्याचे फोटो पाठवायची. 'भाजीत मीठ नाई.' 'प्रीतमले रागावू नको.' एकदा नुसतंच 'ललिता'. त्यात दुसऱ्या ल वर ऱ्हस्व वेलांटी बरोबर बसलेली होती. उन्हाळ्यात ते गेले.

मशिन आता रागिणीच्या ओसरीत आहे. पायडलचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो. दारावर ललिताच्या नावाची पाटी तशीच आहे, पण उन्हानं अक्षरं उडत चालली आहेत. परवा रागिणी आली होती. तिनं एका नव्या पेंटरला सांगितलं आहे, आहे त्याच अक्षरांवरून रंग फिरवायला.

"पण बाई, तो शिकेल-सवरेल पोट्टा आहे," ती म्हणाली. "त्यानं आपल्या मनानं दीर्घ करून टाकली तं?"

"कधी येतो तो?" मी विचारलं.

"मंगळवारी. सकाळीच."

"मी येते," मी म्हटलं. "त्याचं होईस्तोवर शिडीखाली उभी राहते."