राकेश मेश्राम गप्प बसला ते दिवस

ग्लासगोत गाडी शिकायची तर राकेश मेश्रामकडे जा, असं तिथली मराठी मंडळी एकमेकांना सांगायची आणि वर हसून म्हणायची, "फक्त कान घट्ट करून जा." इंजिन सुरू झालं की राकेशच्या तोंडाचा पट्टाही सुरू. "मिरर बघा, सिग्नल द्या, क्लच हळू, अहो हळू, ती बाई रस्त्यात उतरतेय, दिसली का?" नागपूरहून तो शिकायला आला, काही वर्षं टॅक्सी चालवली आणि गेली अकरा वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून डावीकडच्या सीटवर बसत होता. बसत होता म्हणायचं एवढंच. त्याचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर सतत नाचत असायचा. घरीसुद्धा तो चहा उभ्यानंच प्यायचा.

अशा माणसाची खालची अक्कलदाढ आडवी वाढली. गाल सुजायचा, उतरायचा, पुन्हा सुजायचा. शेवटी एका गुरुवारी दुपारी डेंटिस्टनं हिरडी कापली, दाढेचे दोन तुकडे केले आणि ती बाहेर काढली. निघताना नर्सनं सूचनांचा कागद हातात दिला. उद्या दुपारपर्यंत चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, गरम नको, ओझं नको, बोलणं कमी. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. ते निसटलं तर फार दुखेल, असंही तिनं दोनदा सांगितलं.

त्याची बायको मृणाल फार्मसीत काम करायची. तिनं तो कागद फ्रिजवर लावला. "तीन दिवस सोफ्यावरून हलायचं नाहीस."

राकेशनं मान हलवली. संध्याकाळपर्यंत कसाबसा पडून राहिला. मग तोंडातली रक्ताची चव सहन होईना. मृणाल मऊ भात करत होती तेवढ्यात तो बाथरूममध्ये गेला आणि खळखळून चूळ भरून आला. एकदाच तर भरली, म्हणाला मनाशी. शुक्रवारी मृणाल कामावर गेल्यावर त्यानं गाडी आतून व्हॅक्यूम केली, शेडमधली लाकडं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात रचली आणि दमला म्हणून स्ट्रॉनं मिल्कशेक प्यायला. डेंटिस्टनं दुखण्यावर दिलेल्या, झोप आणणाऱ्या गोळ्या त्यानं ड्रॉवरमध्येच ठेवल्या. त्या घेऊन गाडीत बसता येत नाही, आणि रविवारी त्याला गाडीत बसायचंच होतं.

कारण सोमवारी सुमनकाकूंची टेस्ट होती.

सुमन देवधर, वय त्रेसष्ट. नवरा शशी इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं डॉक्टर, आता निवृत्त. आयुष्यभर गाडी त्यांनीच चालवली. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली आणि लायसन्स परत करावं लागलं. तेव्हापासून काकू शिकत होत्या आणि तीन वेळा नापास झाल्या होत्या. चौथी तारीख पाच महिन्यांनी मिळाली होती. ती वाया गेली तर पुढची कधी, या विचारानं काकूंपेक्षा राकेशच्याच जिवाची घालमेल होत होती.

शनिवारी दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं. ठणका कानात गेला, तिथून कानशिलात. राकेश जिन्यावरून उगाच वर-खाली करत राहिला. मृणालनं विचारलं तर हातानंच "बरंय" म्हणाला.

रविवारी सकाळी काकू स्टिअरिंगवर बसल्या. "अरे, केवढा सुजलायस! जाऊ दे, आज नको."

राकेशनं पुढे बोट दाखवलं. चला.

तोंड उघडलं की कळ मस्तकात जात होती. पहिल्या राउंडअबाउटला काकू थांबल्या. "आता जाऊ?" राकेशनं नुसते खांदे उडवले. "अरे, सांग ना! जाऊ का?" मागून हॉर्न वाजला. त्याचा पाय ब्रेककडे गेला. त्यानं तो मागे ओढला आणि दोन्ही पाय सीटखाली दाबून धरले. काकूंनी उजवीकडे पाहिलं, एक व्हॅन जाऊ दिली आणि गाडी काढली. बेताच्या वेगानं, बरोबर लेनमध्ये.

पुढचा पाऊण तास त्या काही विचारेनाशा झाल्या. ग्रेट वेस्टर्न रोडला एक सायकलवाला अचानक मध्ये आला. राकेश दचकला, पण काकूंनी त्याच्याआधीच वेग कमी केला होता. पार्किंग एका फटक्यात जमलं.

गाडी बंद करून काकू म्हणाल्या, "खरं सांगू? राग मानू नकोस. तू बोलतोस ना, तेव्हा मी रस्ता बघतच नाही. तुझं ऐकत असते. आणि तो परीक्षक काहीच बोलत नाही, मग कधी निघायचं तेच मला कळत नाही."

राकेशला ते दाढेपेक्षा जास्त लागलं. दुपारभर तो घरात येरझाऱ्या घालत होता. अकरा वर्षांत असे किती जण आपल्या बडबडीनं अडले असतील? आठवून आठवून एकेक चेहरा समोर यायला लागला. शेवटी त्यानं मृणालला सगळं सांगितलं. चूळ, स्ट्रॉ, लाकडं, काकू. तोंडाला वास येतोय हेही.

"गुठळी गेलीय तुझी," मृणाल म्हणाली. "उघडं हाड दुखतंय ते. उद्या सकाळी डेंटिस्ट."

"टेस्ट झाल्यावर," राकेश म्हणाला. तिनं फ्रिजवरचा कागद काढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

सोमवारी काकू परीक्षकाबरोबर गेल्या. टेस्ट सेंटरच्या खोलीत राकेश एकदाही खुर्चीवर टेकला नाही. चाळीस मिनिटं खिडकी ते दार, दार ते खिडकी. गाडी परत आली तेव्हा काकू उतरल्याच नाहीत. तो धावत गेला.

"पास," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "फक्त पाच किरकोळ चुका. यांना फोन लाव, तूच सांग."

राकेशनं फोन लावला, पण बोलायला गेला आणि गाल धरून खाली वाकला. काकूंनी डोळे पुसले. "बस गाडीत. कुठंय तुझा डेंटिस्ट?"

डेंटिस्टनं खड्डा मिठाच्या पाण्यानं धुतला आणि लवंगेच्या वासाचं औषध आत भरलं. दहा मिनिटांत ठणका विरला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा जबडा सैल पडला. परतताना काकू त्याला विचारत होत्या की शशींना रविवारी लॉक लोमंडच्या तलावावर नेऊ का, रस्ता फार अवघड नाही ना. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी सिग्नलला वळून पाहिलं. राकेश डावीकडच्या सीटवर झोपला होता.

औषध आणखी दोनदा बदलावं लागलं. तीन आठवड्यांनी खड्डा भरत आला, तरी कडक पोळीला तो अजून दुसरीच बाजू वापरतो. गप्प बसणं काही त्याला जमलेलं नाही. मात्र हल्ली लेसन सुरू होण्याआधी तो विचारतो, "बोलू की नको?" बहुतेक जण "बोला" म्हणतात. वैभवी नावाच्या एका मुलीनं परवा "नको" म्हटलं, तेव्हा तासभर त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.